अंगठा कोणता, डावा की उजवा?

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. रविवार असल्याने दवाखाना अर्धाच दिवस होता आणि मी शटर ओढण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात आमच्या आळीतले एक शेतकरी गृहस्थ डाव्या हाताला फडके गुंडाळून आले. बरोबर त्यांची मुलगी होती. हळवे भात कापताना विळा निसटला होता. फडके सोडले तर आत दगडीपाल्याचा हिरवा चोथा आणि त्यावर चिमूटभर हळद. ते सारे धुऊन काढण्यात दहा मिनिटे गेली, तेव्हा कुठे खरी जखम दिसली. अंगठ्याच्या आतल्या बाजूने दीड इंचाची तिरकी, स्वच्छ कापलेली जखम होती.

“डॉक्टरकाका, डावाच ना?” मुलीने विचारले.

बापाचे रक्त पाहून पोर गोंधळली असावी, असे मला वाटले. मी म्हटले, “डावाच गं. तुझ्यासमोरच तर आहे.”

“नखाला लागलंय?”

“नाही.”

“आत काही राहिलंय? काडी, माती?”

“आता काही नाही. सगळं धुतलं.”

“म्हणजे एस एकसष्ट पॉइंट शून्य एक दोन ए,” ती पुटपुटली.

तिचे वडील वेदनेतही हसले. “ही झोपेतसुद्धा असंच बडबडते, डॉक्टर. तुम्ही दोन टाके मारा नि सोडा मला, भात पडलंय खाचरात.”

तीन टाके घातले, इंजेक्शन दिले, आणि सवयीप्रमाणे केसपेपरवर लिहिले : ‘सी.एल.डब्ल्यू. अंगठा. टाके ३. टीडी दिले.’ मुलीने तो कागद उचलला, वाचला आणि अगदी नम्रपणे म्हणाली, “काका, रागावू नका, पण हा कागद आमच्या ऑफिसात आला असता तर आम्ही परत पाठवला असता. यात डावा-उजवाच नाही.”

वाचकहो, मी रागावलो नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. एवढी वर्षे आसनगावात दवाखाना चालवतो आहे. शहापूरपासून डोळखांबपर्यंत आणि किन्हवलीपासून पार सरळगावपर्यंतची माणसे हात-पाय कापून घेऊन माझ्याकडे येतात. आणि कालपरवापर्यंत दवाखान्याच्या पायरीवर खेळणारी ही मुलगी मला कागद कसा लिहावा ते सांगते! पण रात्री जेवताना तिचे वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिले, कारण तिचे म्हणणे खरे होते. इतकेच नव्हे, माझ्या त्या चार शब्दांच्या ओळीत आणखी एक चूक होती, ती तिलाही दिसली नव्हती. ‘सी.एल.डब्ल्यू.’ म्हणजे ठेचून फाटलेली जखम. विळ्याने होते ती कापलेली जखम. दोन्ही निराळ्या. मी सवयीने प्रत्येक जखमेला तेच तीन अक्षरी नाव देत आलो आहे, आणि माझे बरेच व्यवसायबंधूही तेच करतात, हे मी इथे मोकळेपणाने कबूल करतो.

ही मुलगी ऐरोलीला एका कंपनीत ‘मेडिकल कोडिंग’चे काम करते. पहाटेची लोकल पकडायची, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी घ्यायची आणि दिवसभर संगणकापुढे बसून अमेरिकेतल्या रुग्णालयांचे कागद वाचायचे. तिथल्या डॉक्टरने लिहिलेल्या वर्णनावरून प्रत्येक आजाराला, प्रत्येक जखमेला ठरावीक अक्षर-अंकांची खूण लावायची. ही खूण म्हणजे कोड. तो लागल्याशिवाय तिथली विमा कंपनी रुग्णालयाला पैसे देत नाही.

अंगठ्याच्या जखमेचा हा कोड तिने मला दुसऱ्या दिवशी कागदावर उलगडून दाखवला. ‘एस’ म्हणजे इजा. ‘६१’ म्हणजे मनगट, हात व बोटे यांची उघडी जखम. त्यापुढचे शून्य म्हणजे अंगठा, नख शाबूत. नखाला इजा असेल तर तिथे एक येतो. पुढचा आकडा जखमेची जात सांगतो : कापलेली की टोचलेली की चावलेली, आणि आत काही परकी वस्तू राहिली आहे की नाही. त्यापुढे एक असेल तर उजवा अंगठा, दोन असेल तर डावा. शेवटचे अक्षर ‘ए’ म्हणजे जखमेवरचा मुख्य उपचार चालू आहे, ‘डी’ म्हणजे जखम भरत असतानाची पुढची भेट, आणि ‘एस’ म्हणजे जखम भरून गेल्यावर मागे राहिलेला दोष. हाड मोडले असेल किंवा अंगठा तुटून पडला असेल तर हे पान सोडून दुसऱ्याच पानावर जायचे. अमेरिकेत ही सविस्तर पद्धत १ ऑक्टोबर २०१५ पासून सक्तीची आहे. त्या पुस्तकात बदकाने मारल्यास लावायचा कोडसुद्धा आहे, हे ऐकून माझा कंपाउंडर दिवसभर हसत होता.

या सगळ्याचे मूळ मात्र अमेरिकेचे नाही. झाक बर्तियों नावाच्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली शिकागोच्या परिषदेत मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. तीच वाढत वाढत आजची जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय रोगसूची झाली. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली आणि अकरावी २०२२ पासून अमलात आली. गंमत अशी की, या झाकचा भाऊ आल्फाँस पॅरिसच्या पोलिसांत होता आणि गुन्हेगार ओळखण्यासाठी त्यांच्या शरीराची मापे घेत असे. त्याची ती पद्धत मागे पडली ती बोटांच्या ठशांमुळे. त्या ठशांची पहिली कचेरी आपल्या कलकत्त्यात १८९७ साली निघाली होती.

असो. मुद्दा अमेरिकेचा नाही. आसनगावची मुलगी सातासमुद्रापलीकडच्या एका अनोळखी माणसाचा अंगठा डावा की उजवा, नख फुटले की वाचले, हे बारकाईने तपासते. तिच्या स्वतःच्या बापाच्या अंगठ्याचा कागद मात्र मुका असतो. हे मला खटकले. आणि ते इतके खटकण्याला एक जुने कारण आहे. ते आजवर मी या सदरात लिहिले नव्हते.

२०११ सालची गोष्ट. पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका शेडमधून तीस वर्षांच्या एका कामगाराला दोघांनी धरून आणले. पॉवर प्रेसखाली अंगठा सापडला होता. शेंडा हाडासकट गेलेला होता. बरोबर आलेल्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितले, “साहेब, जास्त काही लिहू नका, सगळा खर्च आम्ही देतो.” मी काही खोटे लिहिले नाही. पण खरेही लिहिले नाही. संध्याकाळची गर्दी होती, बाहेर वीस-पंचवीस माणसे बसलेली. मी लिहिले : ‘अंगठ्यास इजा. टाके घातले. औषधे दिली.’ त्यांनी बाहेरून काढून आणलेला एक्स-रे मी उजेडाकडे धरून पाहिला आणि परत दिला. त्यात काय दिसले ते कागदावर उतरवले नाही.

दीड-दोन वर्षांनी तो माणूस तोच कागद घेऊन आला. नोकरी गेली होती. त्याने भरपाईसाठी दावा केला होता. मालकाच्या वकिलाने तीन साधे प्रश्न विचारले होते. अंगठा कोणता? हाड त्याच वेळी गेले कशावरून, नंतर दुसरीकडे गेले नसेल कशावरून? आणि ही इजा कामावर झाली असे कुठे लिहिले आहे? एक्स-रेची फिल्म पावसात गळक्या घरात खराब झाली होती. तो मला म्हणाला, “डॉक्टर, यावर आता लिहून द्या ना. तुम्ही तर बघितलं होतं.”

जुन्या कागदावर नवी ओळ लिहिणे हा गुन्हा आहे. मी नाही म्हटले. त्या दिवशीच्या तपासणीचा नवा दाखला दिला, पण नव्या दाखल्याने जुन्या दिवसाचे उत्तर मिळत नाही.

त्या एका ओळीची किंमत किती ते वाचकांना सांगितले पाहिजे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते. त्यात शरीराचा कोणता भाग गेला तर कमावण्याची शक्ती किती टक्के कमी झाली असे धरायचे, याची यादी होती. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण अशी यादी तिथेही आहे. या यादीत अख्खी करंगळी गेली तर ७ टक्के, मधले बोट १२, तर्जनी १४ आणि अंगठा ३०. एकटा अंगठा तीन बोटांच्या बरोबरीचा, कारण एका हाताची तीन बोटे गेली तरी ३० टक्केच धरतात. अंगठ्याचे शेवटचे पेर गेले तर २० टक्के. आणि हाडाला धक्का न लागता नुसता शेंडा उडाला तर १० टक्के.

आता हिशेब करा. त्या माणसाचा पगार समजा महिना ५,००० रुपये. कायद्याप्रमाणे त्याचे ६० टक्के म्हणजे ३,००० धरायचे. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार ६,२३,९४० रुपये. त्याचे २० टक्के १,२४,७८८ आणि १० टक्के ६२,३९४. म्हणजे ‘शेवटच्या पेराचे हाड गेले आहे’ हे पाच शब्द मी त्या संध्याकाळी लिहिले असते तर त्यांची किंमत बासष्ट हजारांच्या वर होती. माझा त्यातला खर्च अर्धा मिनिट आणि थोडी शाई. शेवटी त्याने तडजोड केली आणि जे मिळाले ते यातल्या लहान आकड्याच्याही जवळ जाणारे नव्हते. तो आजही ताप-खोकल्याला माझ्याकडेच येतो. मला कधी बोलला नाही. गोळ्या घेताना हात पुढे करतो तेव्हा मात्र माझी नजर त्या हातावर जातेच. उजवा अंगठा. आता लिहितो आहे.

काही मित्र म्हणतील, डॉक्टरांनी उपचार करावा, कारकुनी कशाला? मीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत होतो. परंतु माझा अनुभव सांगतो की, जे लिहायचे नसते ते आपण पाहतही नाही. कागदावर ‘अंगठ्याचे टोक वाकते का?’ असा प्रश्न छापलेला असला की डॉक्टर ते वाकवून बघायला सांगतो. नसला की टाके घालून मोकळा होतो.

अंगठ्याच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. अंगठ्याचे टोक वाकवणारी एक लांब कंडरा असते. बोलीभाषेत आपण तिलाही शीरच म्हणतो. ती मनगटातून तळहातामार्गे थेट शेवटच्या पेरापर्यंत जाते. आतल्या बाजूला खोल कापले आणि ती तुटली, तर तिचे वरचे टोक ताणलेले रबर सुटावे तसे तळहाताकडे मागे सरकते. जखमेत डोकावून ते दिसतही नाही. वरून कातडी छान शिवली जाते, दहा-बारा दिवसांत टाके निघतात, सगळे खूश. महिन्याभराने माणूस येतो : “डॉक्टर, अंगठा वाकत नाही हो.” ही कंडरा पहिल्या काही दिवसांत जोडली तर बरे यश येते. उशीर झाला की काम अवघड होते आणि खर्चही वाढतो. तेव्हा टाके घालण्याआधी खालचे पेर धरून टोक वाकवायला सांगणे, मग सरळ करायला सांगणे, ही दोन वाक्ये उपचाराचाच भाग आहेत. तशीच संवेदनाही पाहायची. अंगठ्याच्या दोन्ही कडांनी बारीक मज्जातंतू जातात. कापसाच्या टोकाने दोन्हीकडे स्पर्श करून ‘कळतंय का?’ विचारायचे, आणि हे बधिर करण्याचे इंजेक्शन देण्यापूर्वी विचारायचे. इंजेक्शन दिल्यावर कुणालाही काहीच कळत नाही, आणि मग तो बधिरपणा विळ्याचा की आपल्या औषधाचा, हे सांगता येत नाही. ही चूकही मी केलेली आहे.

त्या रविवारी मात्र अंगठा वाकत होता, कळतही होते. नशीब. कागदावर काहीच नव्हते.

आणि वेळ. इजा किती वाजता झाली, हे फार थोड्या कागदांवर असते. अंगठा पूर्ण तुटून पडला असेल तर हीच नोंद सगळ्यात मोलाची. तुटलेला अंगठा परत जोडता येतो. जपानमध्ये नारा येथे कोमात्सु आणि तामाई या डॉक्टरांनी १९६५ साली तो प्रथम यशस्वीरीत्या जोडला, आणि आता मुंबईतही अशा शस्त्रक्रिया होतात. तुकडा स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फात थेट टाकू नये, पाण्यात भिजत ठेवू नये. चिठ्ठीवर दोन वेळा लिहाव्यात : तुटला किती वाजता, गारव्यात ठेवला किती वाजता. गार न ठेवलेल्या बोटाला साधारण बारा तासांची मुदत असते, गार ठेवलेल्याला त्याहून बरीच जास्त. मुरबाडच्या आतल्या पाड्यावरून कल्याणमार्गे मुंबई गाठायची तर ही मुदत वाटते तेवढी मोठी नाही. तिथला सर्जन पहिला प्रश्न वेळेचाच विचारतो, आणि बरोबर गेलेला भाऊ घाबरलेला असतो. त्याला काही आठवत नाही.

‘कशाने’ हा प्रश्नही असाच. गवत कापताना अंगठ्याला काहीतरी टोचले, माणूस म्हणतो काटा लागला. असेल काटा. पण भातकापणीच्या दिवसांत तो साप किंवा विंचू नसेलच असे कसे म्हणावे? अशा वेळी ‘काटा’ लिहू नये, ‘टोचले, काय ते पाहिले नाही’ असे लिहावे आणि रुग्णाला थांबवून ठेवावे. कुत्र्याचा दात लागून रक्त आले असेल तर ती पिसाळ रोगाच्या दृष्टीने तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गातली जखम. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, लस, आणि जखमेत द्यायचे ते वेगळे औषध, सगळे लागते. कागदावर नुसते ‘अंगठ्यास जखम’ असले तर पुढच्या दवाखान्यातला डॉक्टर लसीच्या पुढच्या तारखा कशाच्या आधारे देणार?

मारामारीच्या प्रकरणात तर एका शब्दाने कलम बदलते. कापलेली जखम म्हणजे धारदार हत्यार, ठेचलेली म्हणजे दगड किंवा काठी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हाड मोडणे, सांधा निकामी होणे किंवा पंधरा दिवस नेहमीची कामे करता न येणे ही गंभीर दुखापत ठरते. जुन्या दंडसंहितेत हेच वीस दिवस होते. तेव्हा सगळ्याच जखमांना ‘सी.एल.डब्ल्यू.’ लिहिण्याची आमची खोड निरुपद्रवी नाही. बांधावरच्या भांडणात कोयत्याचा वार दगडाचा ठरतो, तो आमच्या पेनामुळे.

आता रुग्णांच्या बाजूबद्दल. आपल्याकडे कागद मागणे म्हणजे डॉक्टरवर संशय घेणे असे समजतात. तसे मुळीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलविरुद्धच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की, आपल्या केसपेपरची प्रत मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि रुग्णालयाला त्यात गुप्ततेचे कारण सांगता येत नाही. पुढे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत लिहिले गेले की, दाखल रुग्णांचे कागद डॉक्टरने तीन वर्षे जपावेत आणि मागितल्यास ७२ तासांत द्यावेत. पण यातली मेख लक्षात घ्या. हा तीन वर्षांचा नियम दाखल झालेल्या रुग्णांसाठी आहे. अंगठ्याला तीन टाके घालून घरी जाणारा माणूस दाखल होत नाही. त्याचा कागद त्याच्याच खिशात असतो. तो कागद विडीकाडीच्या पाकिटाबरोबर भिजतो, बायको धुण्यात धुऊन टाकते. रेशनकार्ड आपण ज्या पिशवीत ठेवतो त्याच पिशवीत तो ठेवावा. घरात मोबाइल असेल तर त्याचा फोटो काढावा, आणि जखमेचाही काढावा, पट्टी बांधण्याआधी.

रेशनवरून आठवले. अंगठा बरा होतो, पण व्रण राहिला तर ठसा बदलतो. मग दुकानातले यंत्र म्हणते, ठसा जुळत नाही. अंगठाबहाद्दर म्हणून आपण ज्यांची थट्टा करतो त्यांच्यावर ही मोठीच आफत. अशांनी दुसरे बोट लावून पाहावे आणि आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने नोंदवून घ्यावेत. पहिल्याच महिन्यात हे केले तर पुढच्या फेऱ्या वाचतात.

त्या मुलीला मी विचारले, “तिकडचे डॉक्टर इतकं सगळं कसं लिहितात गं? आमच्यापेक्षा शहाणे आहेत का?” ती म्हणाली, “नाही काका. लिहिलं नाही तर पैसे अडतात म्हणून लिहितात. कितीतरी कागद असेच अर्धवट येतात.” हे उत्तर मला फार आवडले. म्हणजे तिथे कागद विमा कंपनीसाठी भरतात, जखमी माणसासाठी नव्हे. आपल्याकडे विमा कंपनी नाही, रुग्ण रोख दोनशे रुपये देतो, कुणीच विचारत नाही, म्हणून कुणीच लिहीत नाही. सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया करायची असली की मात्र तेच डॉक्टर पॅकेजचा कोड बिनचूक भरतात. तेव्हा आम्हाला लिहिता येत नाही ही सबब खरी नव्हे.

माझे म्हणणे असे नाही की, आसनगावच्या दवाखान्यात सात अक्षरी कोड लिहावेत. त्यासाठी पुस्तक लागेल, संगणक लागेल, आणि त्यातून विळ्याने कापलेल्या माणसाला काय मिळणार? जागतिक सूचीच्या मूळ दहाव्या आवृत्तीत तर उघड्या जखमेसाठी अंगठा इतर बोटांतच धरला होता, डावे-उजवेही नव्हते. कोड हे शेवटी दुसऱ्याच्या सोयीचे असतात. मला हवे आहे ते साधे मराठी वाक्य, जे रुग्णाला वाचता येईल, त्याच्या मुलाला वाचता येईल आणि उद्या वकिलालाही वाचता येईल.

दिवाळीच्या सुटीनंतर मी शहापूरला जाऊन एक रबरी शिक्का करून आणला. त्यावर दोन पंजांची रेघाटी चित्रे आहेत, डावा आणि उजवा. त्यावर जखम जिथे असेल तिथे पेनाने रेघ मारायची. खाली जागा सोडून शब्द आहेत : किती वाजता, कुठे, कशाने (रुग्णाच्या सांगण्यानुसार), लांबी, खोली, नख, हाड, वाकतो, सरळ होतो, दोन्ही कडांना कळते, आत काही राहिले का, काय केले, पुन्हा कधी यायचे. ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. मी काही शेडमध्ये उभा नव्हतो, पण त्याने मला कामावर लागले असे सांगितले, हे मी लिहू शकतो. मालकाच्या माणसाने मागून कितीही खाकरले तरी लिहू शकतो. शिक्का मारून भरायला दीड मिनिट लागते. घड्याळ लावून पाहिले आहे.

व्यवसायबंधूंपैकी दोघांनी त्याची नक्कल करून नेली. तिसरा म्हणाला, “ऐंशी पेशंट असतात रोज, वेळ कुठे आहे?” त्यांना मी एवढेच विचारतो की, ऐंशीपैकी हात कापून आलेले किती? दोन? तीन? म्हणजे फार तर पाच मिनिटांचा प्रश्न आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांतही असे शिक्के द्यावेत अशी माझी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला या सदरातून विनंती आहे. कार्बन लावून दोन प्रती काढल्या तर एक केंद्रात राहील आणि एक माणसाच्या घरी. कातकरी वीटभट्टीवर जातात आणि सहा महिने गावात नसतात, त्यांच्यासाठी केंद्रातली प्रत फार उपयोगी पडेल.

पुढच्या वर्षी शिक्का जुना झाला की त्यात ‘कोणता हात कामाचा’ असाही एक शब्द घालायचा आहे. डावखुऱ्या माणसाचा डावा अंगठा गेला तर त्याचे नुकसान निराळे असते, आणि हे आम्ही कधीच विचारत नाही.

त्या शेतकरी गृहस्थांचे टाके मी बाराव्या दिवशी काढले. तेव्हा शिक्का अजून तयार व्हायचा होता, म्हणून साऱ्या नोंदी हातानेच लिहिल्या. डावा अंगठा, आतली बाजू, विळ्याने कापलेली जखम, भरली आहे, वाकतो, सरळ होतो, कळते. मुलगी गाडीत होती. बापाने तिला फोन लावून माझ्या हातात दिला.

“टाके काढले का काका? मग आता ए नाही, डी.”

“डी म्हणजे काय म्हणते ती?” गृहस्थांनी विचारले.

“म्हणजे जखम भरतेय, पण अजून दोन आठवडे विळा हातात घ्यायचा नाही,” मी सांगितले.

“बरं,” ते म्हणाले. परवा स्टेशनकडून येताना दुरून दिसले. गरव्या भाताच्या खाचरात वाकलेले होते, डाव्या अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून.